तलावाचा वाटा

वने, तू हरलीस.

हे आधी सांगून टाकते, कारण दुसरं काही आधी बोलायला लागले तर तू मधेच "मुद्द्याचं बोल ना वं, अर्चे" म्हणशील. टंगस्टनचे दोन्ही तुकडे तापवले. हेलियमवाल्या तुकड्यातून जड हायड्रोजन कमी निघाला, बिनहेलियमवाल्यातून जास्त. मी म्हणत होते तेच झालं. आता खरं म्हणजे तू उठून भांडायला हवंस. तू काही उठत नाहीस, म्हणून सध्या दोन्ही बाजूंनी मीच भांडते. लॅबमधले लोक बघतात माझ्याकडे. बघेनात का.

तू गेल्यावर सगळे मला सांगत होते, रड, मोकळी हो. रडले की, पुष्कळ रडले. पण तुझी आठवण काढायला बसलं की पाच मिनिटांत हसूच फुटतं, त्याला मी काय करू? परवा बसमध्ये एकटीच हसले, तर शेजारच्या बाईने पोराला खिडकीकडे सरकवून घेतलं. मला आठवत होतं आपलं कुरखेड्याचं व्याख्यान.

कॉलेजने बोलावलं होतं, "आपल्या भागातल्या दोन शास्त्रज्ञ लेकी" म्हणून. मी आपली रंगीत चित्रं घेऊन गेले होते. अणुभट्टीचं चित्र, टंगस्टनच्या भिंतीचं चित्र, बाण वगैरे. वीज गेली आणि माझी चित्रं पडद्यावरून गडप झाली. तू उठलीस, पदर खोचलास आणि सुरू केलंस.

"पाहा, आमी लोक लहानसा सूर्य बनवून राह्यलो. हायड्रोजनचे दोन जड भाऊ हायेत, ते एकमेकाइत मिळाले का उष्णता निघते अन् हेलियम तयार होते. हेलियम म्हंजे त्या चुलीची राख समजा. आता चुलीले भिंत पाह्यजे का नाई? ते आमची टंगस्टनची भिंत. तिच्यावर न्यूट्रॉन आदळतेत, आतले अणू जागचे हालतेत, अन् भोकं पडतेत. बांधीच्या पाळीले खेकडे भोकं पाडतेत, तसे."

पोरं सरसावून बसली. धानाच्या बांधीची पाळ, म्हणजे भातखाचराचा बांध, आणि खेकडे म्हटल्यावर त्या वर्गात न कळणारं कुणी नव्हतंच.

"मंग त्या भोकाइत येऊन झिंगे लपतेत. ते झिंगे म्हंजे हायड्रोजन. ज्याले जाळाचं, तोच भिंतीत लपून बसला त चूल कशी चालन? त्यातला एक भाऊ त मिळाले कठीण, अन् वरून किरणोत्सर्गी. म्हून आमी दोघी जनी पाहून राह्यलो का भिंतीत किती झिंगे लपले. अन् हेलियम म्हंजे बेंडूक. तो बी त्याच भोकात जाऊन बसते, अन् एकदा बसला का लवकर निंघत नाई."

इथपर्यंत ठीक होतं. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजेच बेडूक आधी जाऊन बसला की झिंग्यांना जागा उरत नाही. हायड्रोजन कमी अडकतो." तू माझ्याकडे वळलीस. "जागा काऊन नाई उरत? बेंडूक बसला का भोक फुगते. बाजूची माती भुसभुशीत होते. झिंगे तिथीच जास्त जमतेत." मी म्हटलं, "जमत नाहीत." तू म्हणालीस, "जमतेत." प्राचार्य दोनदा खोकले. आपण दोघी फळ्यापाशी उभ्या राहून, खडू एकमेकींच्या हातातून ओढून घेत, पाळीची चित्रं काढत भांडत राहिलो. शेवटी टाळ्या पडल्या. आभार मानताना एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुमचा पुढचा प्रयोग कुठी हाये?" तिला प्रयोगशाळेतला प्रयोग म्हणायचा होता की नाटकाचा, हे आपण परतीच्या बसमध्ये हसून हसून ठरवू शकलो नाही.

त्याच बसमध्ये शर्त लागली, हेलियम भरलेल्या अख्ख्या तुकड्यात हायड्रोजन कमी अडकतो की जास्त यावर. मी जिंकले तर तू वर्षभर मासे खाणं सोडायचं. तू जिंकलीस तर मी तुमच्या गावच्या तलावात मासेमारीच्या दिवशी चिखलात उतरायचं आणि जिवंत मासा हाताने धरायचा. दोघींनीही नेमकं समोरचीच्या जिवावर येईल ते मागितलं होतं. तू कंडक्टरला साक्षीदार हो म्हणालीस. तो म्हणाला, "म्या कायचा साक्षीदार बाई, सुट्टे द्या आधी."

मासा आणि मी. भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली मुलगी. नळाचं पाणी, सिमेंटचे रस्ते, बाबांच्या ड्युटीचा भोंगा, आणि मासा घरी यायचा तो तुकडे होऊन, पिशवीतून. त्याला डोळे असतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आणि तू तलावावरची. चालायच्या आधी पोहायला शिकलीस असं तुझी माय सांगते. ती थोडं वाढवूनच सांगते, पण फार नाही. आपण एकाच जिल्ह्यातल्या, आणि भेटलो कुठे तर दूर परराज्यातल्या प्रयोगशाळेत. कॅन्टीनमध्ये कुणीतरी "काऊन बे, भाजीत मीठ नाई काय" म्हणून ओरडलं, आणि मी ताट घेऊन सरळ तुझ्यासमोर येऊन बसले. तेव्हापासून आपलं सुरू झालं ते भांडणच.

तुझ्या गावाला मी पहिल्यांदा आले तेव्हा उन्हाळा होता, तलाव उतरला होता. सिंदेवाहीला उतरून पुढे तुझ्या भावाच्या गाडीवर तिघं. मी पाळीवर चपला हातात धरून बसले, आणि तू खाली कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होतीस. पीएचडी झालेली बाई, गुडघ्याला चिखल, तोंडाला शिव्या. मासे वर आल्यावर पळसाच्या पानांवर वाटे पडले. जितकी घरं तितके वाटे, आणि एक जास्तीचा. मग एकाला पाठ करून उभं केलं. दुसऱ्याने एका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि पाठ केलेल्याने न बघता नाव घ्यायचं. कुणाला मोठी मरळ गेली, कुणाला नुसते झिंगे, पण भांडण नाही, कारण नाव घेणाऱ्याला काही दिसतच नव्हतं. जास्तीचा वाटा तलावाचा. त्यातले जिवंत मासे परत पाण्यात सोडायचे.

मला ती पद्धत गंमत म्हणून आवडली होती. तू मात्र ती उचलून लॅबमध्ये आणलीस.

टंगस्टनचे तुकडे घासून, आरशासारखे करून, सगळ्यांवर सारखाच किरणांचा मारा करून आणले, की कुणाला हेलियम द्यायचा आणि कुणाला नाही हे ठरवायची वेळ यायची. बाकीचे लोक सरळ क्रमाने घ्यायचे. तू मला पाठ करून उभी करायचीस. तुकड्यावर चिमटा टेकवून विचारायचीस, "हा कोणाचा?" मी म्हणायचे, "हेलियमचा." "हा?" "बिनहेलियमचा." आपले लॅबप्रमुख सर एकदा दारातून बघून परत गेले होते. नंतर त्यांनी आपल्या अहवालात लिहिलं की नमुन्यांची निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली. आपण तो शब्द वाचून जेवण होईपर्यंत हसत होतो.

आणि दरवेळी एक जोडी जास्तीची. मारा केलेली, पण पुढे कशातच न घेतलेली. तलावाचा वाटा. मी किती डोकं खाल्लं तुझं त्यावरून. मशीनवर वेळ मिळता मिळत नाही, एक तुकडा घासायला दिवस जातो, आणि ही बाई दोन तुकडे डबीत घालून ठेवून देते. तू म्हणायचीस, "सगडंच खाऊन टाकलं त पुढच्या साली काय धरशीन?" मी म्हणायचे, तुकडे अंडी घालत नाहीत वने. तू डबी बंद करायचीस.

मग आला तो संत्रा बर्फीचा दिवस. पहिल्या जोड्या तापवल्या. तुकडा तापत गेला की लपलेला वायू सुटतो आणि यंत्र त्याच्या वजनावरून मोजतं. हेलियमवाल्या तुकड्यातून इतका वायू निघाला की रेघ कागदाबाहेर जायला आली. तू खुर्चीवरून उठून नाचलीस. मायला फोन केलास, "माय, बेंडूक जिंकला," आणि पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं बाई, जेवली का?" मी तोंड वाकडं करून बर्फी वाटली. सरांनीही एक तुकडा तोंडात टाकला, आलेख पाहिला, बर्फी पूर्ण चावून गिळली आणि विचारलं, "हे हेलियमच कशावरून नाही?"

जड हायड्रोजनच्या दोन अणूंची जोडी आणि हेलियमचा एक अणू, दोघांचं वजन जवळजवळ सारखं. आपल्या त्या यंत्राला दोघांतला फरक कळायचाच नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण शिकवतो ते, आणि आपणच विसरलो, कारण दोघींचं सगळं लक्ष कोण जिंकतं याच्यात. तुकडे तापून रिकामे झालेले. एकदा सोडलेला वायू परत मोजता येत नाही. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, "गेली भैंस पानी में." सरांना हसू आलं, तेव्हा कुठे आपल्याला श्वास आला.

पुढे फरक ओळखणारं यंत्र आलं, पण तुकडे कुठे होते? नवा मारा करून आणायला पुन्हा रांगेत उभं राहायचं. तेव्हा तू ड्रॉवरमधून डबी काढलीस. तलावाचा वाटा. त्याच माऱ्यातली, हात न लागलेली जोडी. माझ्यापुढे डबी वाजवलीस, लहान पोरं खुळखुळा वाजवतात तशी, आणि एक शब्दही बोलली नाहीस. तुझ्या आयुष्यात तू मला दिलेला सर्वात मोठा टोमणा तोच. या वेळी पाठ तू केलीस. मी चिमटा ठेवून विचारलं, "हा कोणाचा?" तू म्हणालीस, "बेंडकाचा."

तू त्यात हेलियम भरलास, मग दोन्हींत जड हायड्रोजन भरलास, डब्या बंद केल्यास आणि दिवाळीला गावी गेलीस. आल्यावर तापवू म्हणालीस.

पुढचं मी लिहीत नाही. ताप, चंद्रपूरचा दवाखाना, सगळ्यांना माहीत आहे ते. फक्त एक फोन लिहिते. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. तू विचारलंस, "तापवला?" मी म्हटलं, "तू ये, मग दोघी मिळून." तू म्हणालीस, "मी इथी तापून राह्यली, अन् तू तुकडा थंडा ठेवून बसली काय वं?" आणि हसायला गेलीस तर खोकला आला. त्या फोनवर मला एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. मला तुझ्याशी भांडायला आवडायचं, वने. सकाळी लॅबला निघताना मी आज तुला काय बोलायचं हे ठरवत निघायचे, त्या आनंदात रस्ता सरायचा. एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "औषध वेळेवर घे."

तू गेल्यावर मी त्या डब्या उघडल्या नाहीत. सर एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, मग म्हणायचे थांबले. त्यांनाही कळत होतं. तापवलं की भांडण मिटणार, पण तू हाताने भरलेलं तुझं शेवटचं काम तासाभरात रिकामं होणार. रिकामा तुकडा म्हणजे नुसता धातू. मी बाहेरच्या संस्थेत किरण मारून कोणत्या थरात किती हायड्रोजन आहे तेवढं पाहून आणलं, कारण त्याने तुकडा रिता होत नाही. पण भट्टीपाशी गेले की पाय मागे यायचे. असे कितीतरी आठवडे गेले.

मग तुझ्या मायचा फोन आला. ती अधूनमधून करते, जेवली का विचारायला. त्या दिवशी तिने विचारलं, "वनीचं काम कुठवर आलं?" मी म्हटलं, अडलंय. "काऊन?" मी सगळं सांगितलं, तापवलं की वनीने ठेवलेलं निघून जाईल म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला चांगलंच झापलं. "तिनं माह्या घरी अर्धी भाकर बी अर्धी ठेवली नाई कधी. तिचं काम तू काऊन अर्धं ठेवून राह्यली? तुले शोभते काय?"

दुसऱ्या दिवशी तापवलं. भट्टीचा आकडा चढत होता आणि मी पडद्याला नाक लावून बसले होते, तुझ्या खुर्चीवर, कारण तिथून नीट दिसतं. पहिला डोंगर उठला, मग दुसरा, मग रेघ खाली आली. निघून गेलं सगळं. रडायला येईल म्हणून रुमाल घेऊन बसले होते, आणि मोजमाप पाहताच मी मोठ्याने म्हणाले, "कमीच आहे, सांगत नव्हते?" रुमाल तसाच कोरडा राहिला.

आता तुझी बाजू. थरांची मोजणी काय सांगते माहीत आहे? हेलियमच्या थरात हायड्रोजन जास्तच आहे. बेडकांभोवती झिंग्यांची नुसती गर्दी. पण त्यातले आत खोलवर फारच थोडे पोचले; खालची भोकं बरीच रिकामी. म्हणून वरच्या थरात तुझं खरं आणि अख्ख्या तुकड्यात माझं. शर्त अख्ख्या तुकड्याची होती, तेव्हा हरलीस तू. पण बेडूक झिंगे गोळा करतो हे तुझंच, आणि मी भर वर्गात त्याला खोटं म्हटलं होतं. आणि हेही या तापमानाचं झालं. अजून तापलेल्या भिंतीत कदाचित सगळं उलटंच निघेल, म्हणजे भांडायला जागा आहे अजून. सरांना मी म्हटलं, दोघी अर्ध्या अर्ध्या जिंकलो. सर म्हणाले, "मग दोघींनी शर्त भरा."

तू तर आधीच भरायला घेतलीस. दिवाळीपासून मासा तोंडाला लावलेला नाहीस.

राहिले मी. या उन्हाळ्यात तलाव उतरल्याचं कळलं तशी रजा टाकून तुझ्या गावी गेले. मायला शर्त सांगितली. रिकामा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, पदराने पुसला, डोळ्यापाशी नेला. म्हणाली, "यवढुशासाठी भांडत होत्या तुमी?" मी हो म्हटलं. तुझ्या हाताने घासलेली पाठीमागची बाजू अजून चकचकीत आहे. तिने त्यात कपाळाची टिकली सरळ केली आणि तुकडा कमरेच्या पिशवीत, सुपारीशेजारी ठेवून दिला. मी परत मागितला नाही. लॅबच्या मालमत्तेत तो मोडतो, हे तू सरांना सांगू नकोस.

मग चिखल. वने, तुमच्या तलावाचा चिखल थंड असतो आणि तो पायाची बोटं मोजतो. मी पाळीवरून उतरताना सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि माय वरून ओरडत होती, "घाबरू नको वं, मासे तुलेच घाबरून राह्यले." तासभर जाळं ओढलं. मासा मात्र एकही हाताने धरता आला नाही. एक लागला होता, मीच किंचाळून सोडला. लोकांची पुरेपूर करमणूक झाली.

वाटे पडले. पाठ करून कुणाला उभं करायचं यावर सगळ्यांनी मलाच ढकललं, बाहेरची आहे, कुणाचं ओढणार नाही म्हणून. घरांची नावं मला सांगितली. मागे गावातले एक भाऊ वाट्यावर हात ठेवून विचारत होते, "हा कोणाचा?" आणि मी समोरच्या पाण्याकडे बघत एकेक नाव घेत होते. नावं सरत आली. शेवटचा एक वाटा उरला आणि शेवटचं एक नाव, तलावाचं. मला ठाऊक होतं काय म्हणायचं ते.

"हा कोणाचा?"

"वनिताचा," मी म्हटलं.

मला वळून बघायचं धाडस होईना. भाऊ हळूच म्हणाले, "बाई, तो तलावाचा..." आणि तेवढ्यात तुझ्या मायचा आवाज आला, नेहमीच्या खणखणीत सुरात.

"घेतलं नाव त घेतलं. तिचाच हाये तो. पन ती त हरली ना? सालभर मासे बंद हायेत तिचे. सोड पान्यात."

आधी कुणीतरी एकजण हसलं, मग सगळी पाळ हसली. माय हसता हसता डोळे पुसत होती आणि मला हाताने पुढे ढकलत होती. मी पळसाच्या पानावरची मरळ दोन्ही हातांनी उचलली. गार, गुळगुळीत, आणि हातात नुसती ताकद. तिला डोळे होते. शर्तीत फक्त धरायचं ठरलं होतं, पण मी ती पाण्यापर्यंत नेली आणि सोडली. जाताना तिने शेपटीने माझं तोंड भिजवलं.

मग आम्ही घरी आलो. मायच्या वाट्याला आलेले मासे तिने भरपूर तिखट घालून केले, आणि तुझ्या पाटावर मला बसवलं. मी तीनदा भात घेतला, वने. तुझ्या नाकावर टिच्चून.